जनीची ओळ

त्या वर्षी मार्गशीर्षात दोन दिवस अवेळी पाऊस लागला आणि वालाचा पहिला बहर झडून चिखलात गेला. भाताची कापणी झाली की त्याच ओलीवर वाल पेरायचा, ही पोशीर गावची जुनी रीत. तो असा गेला म्हटल्यावर कुणी वेल उपटून गुरांपुढं टाकले, कुणी रान तसंच सोडून दिलं. बुधाजीनं सोडलं नाही. तो आणि त्याची बायको बायजा रोज सकाळी वेलांच्या बुडाशी बसून, बसलेली माती खुरप्यानं मोकळी करत राहिली. पौष निम्मा सरला तेव्हा दुसरा बहर धरला. शेंग आखूड होती, पण दाण्यानं टचटचीत भरलेली.

हर्षद आला तेव्हा दोघं तोडणीला बसली होती. दंवानं बायजाचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं आणि शेंगांच्या चिकानं बोटांची टोकं काळी पडली होती. हर्षद शेजारच्या गावचा, मांडव-साउंडचा धंदा करणारा. बांधावर मोटारसायकल लावून तो तसाच बुटांनिशी आत आला.

"वेलावर पाय देऊ नको रं," बुधाजी म्हणाला.

हर्षद मागं सरला. "काकी, कर्जतला कोंडाण्याच्या रस्त्यावर पोपटी महोत्सव करतोय. शुक्रवार ते रविवार. मुंबई-पुन्याची मानसं येनार. शेंगा सगळ्या तुमच्याच घेतो. बाजारात गुजरातची पापडी आलीय, पन तिला वास नाय. काकांनी मडकी लावायची. आनि तुमचं गानं ठेवायचंय."

"कंचं गानं?"

"आमच्या सोनालीच्या लग्नात म्हनलेलं. चौघी होतात ना तुमी."

बायजाचा हात थांबला नाही. "चौघी होतो. आता तिघी हाव. जनी गेली श्रावणात."

"चौथी कुनी घ्या ना मग. पोस्टरवर चार बायका छापल्यात."

"आदी छापलंस आनि मग इचारतोस," बुधाजी म्हणाला.

हर्षद कान खाजवत हसला. बायजाही हसली. तिनं हो म्हटलं, आणि का म्हटलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. पोशीरपासून नेरळपर्यंत कुणाच्याही मांडवात हळद लागायची असली की बायजाला बोलावणं यायचं. तिनं एक ओळ सोडायची आणि जनीनं ती वरच्या वर झेलून तिला पुढचं टोक लावायचं, असं तीस वर्षं चाललं होतं. जनी काविळीनं गेली आणि तेव्हापासून बायजानं एकही बोलावणं घेतलं नव्हतं. गळा वापरला नाही तर विळ्यासारखा गंजतो, हे तिला कळत होतं. आपल्यापेक्षाही तिला जिजाची काळजी होती. जिजा जनीची धाकटी जाऊ. दोघी एका चुलीवर पंचवीस वर्षं राहिलेल्या. जनी गेल्यापासून जिजा घरातून शेतावर आणि शेतावरून घरात, एवढीच काय ती चालत होती.

संध्याकाळी बायजा तिच्याकडं गेली. जिजा पडवीत तांदूळ पाखडत होती.

"माज्यानं नाय व्हायचं, बाय," सूप न थांबवता ती म्हणाली. "गायची ती जनीबाय. मी आपली मागं सूर धरायची."

"मग मागंच धर. फुडं ये म्हनलंय का मी?"

जिजानं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. "किती वाजता निगायचं?" तिनं विचारलं.

तिसरी सोनुबाई. तिला जरा कमी ऐकू यायचं, पण ताल तिच्या तळहातात मुरलेला होता. चौथी म्हणून बायजानं सुनेला, समीक्षाला, उभं केलं. समीक्षा बदलापूरची, लग्नाला दीड वर्ष झालेलं, गाण्यातलं तिला काही येत नव्हतं. "आत्या, मी नुसती उभी राहीन हां," तिनं आधीच सांगून टाकलं.

शुक्रवारी दुपारी टेंपोत शेंगांच्या पाट्या, मडकी, भांबुर्ड्याच्या वासाळ रानपाल्याचे भारे आणि त्यात दाटीवाटीनं बसलेल्या चौघी असं सगळं निघालं. महोत्सवाचं शेत उल्हास नदीच्या कडेला होतं, कापणी होऊन मोकळं झालेलं. एका अंगाला पोपटीसाठी, शेंगांची मडकी जाळात भाजायला, जागा आखलेली, दुसऱ्या अंगाला तांबड्या कापडाचं स्टेज, मध्ये खुर्च्या. तांदळाच्या भाकऱ्या, बिरडं, पानगी यांच्या टपऱ्या लागल्या होत्या. समोर राजमाचीचा डोंगर उन्हात कोरडा ठणठणीत उभा होता.

स्टेजमागं हर्षदनं चार पुडकी दिली. एकसारखी हिरवी लुगडी, खोटी ठुशी, चापाची नथ. जिजाचं नाक कधी टोचलेलंच नव्हतं. चाप लावल्याबरोबर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काडून टाकू का?" तिनं विचारलं.

"फोटोत छान दिसतं, मावशी," हर्षद म्हणाला. "आता ऐका. वर जायचं, गोल उभं ऱ्हायचं, हात हलवायचे, तोंड हलवायचं. गानं हितनं वाजंल." त्यानं लॅपटॉपवर बोट आपटलं.

"कुनाचं गानं?" बायजानं विचारलं.

"तुमचंच की. लग्नातली क्लिप होती माज्या फोनमदी. खाली ठेका टाकून मस्त केलीय."

"आमी हितं जित्या उभ्या हाव ना रं? गातो की."

"काकी, चार माईक लावले तर किंकाळी उठते. साउंडवाला ऐकत नाय. आनि पंधराच मिनिटं हायत, मग मुंबईचा बँड चडनार." त्याच्या कपाळावर घाम होता. फोन वाजत होता, कुणीतरी खुर्च्यांसाठी हाका मारत होतं.

बायजाला ते रुचलं नाही. पण हो म्हणून आलो होतो, लुगडी नेसून झाली होती, पायऱ्यांशी माणसं उभी होती. ती वर गेली.

गाणं सुरू झालं. आधी धपधप असा ठेका, आणि त्यावर बायजाचा स्वतःचा आवाज, तीन वर्षांपूर्वीचा, कर्ण्यासारख्या पेट्यांतून शेतभर पसरला. तिनं तोंड हलवलं. आपलंच गाणं, पण श्वास भलतीकडंच पडत होता. ओळ संपली आणि पेटीतून जनी आली.

जनीचा आवाज उंच, कोवळ्या वेळूच्या फोकासारखा. तो तसाच्या तसा आला आणि ओळ झेलून पुढं गेला.

बायजानं जिजाकडं पाहिलं. जिजाचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं, मोठ्या जावेच्या आवाजावर हलवायला सांगितलेलं. मग ते मिटलं. तिनं पदर ओढून नाकातोंडावर घेतला आणि ती पुतळ्यासारखी उभी राहिली. नुसते खांदे हलत होते. समोरच्या माणसांना तो नाचातलाच भाग वाटला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं शेंगांचा द्रोण मांडीवर ठेवून फोन वर धरला आणि व्हिडिओ काढू लागली. बायजानं बाजूला सरकून जिजाचं मनगट पकडलं. समीक्षा मात्र सांगितल्याप्रमाणं तोंड हलवत राहिली होती. तिचं तोंड जनीच्या आवाजाला बरोबर जुळत होतं. जनी आणखी तीन वेळा आली आणि गेली. माणसांनी टाळ्या वाजवल्या.

खाली उतरल्यावर बायजानं पहिल्यांदा जिजाच्या नाकाचा चाप काढला. नाकपुडीवर लाल वळ उठला होता. मग तिनं हर्षदला हाक मारली.

"दुसऱ्या ओळीला आवाज कुनाचा हाय, ठावं हाय तुला?"

"कुनाचा?"

"जनीचा. ही तिची जाव. मेल्या मानसाच्या आवाजावर तिला तोंड हलवाया लावलंस तू."

हर्षदचा चेहरा उतरला. "देवाशपथ, काकी, मला कुनाचा आवाज कंचा ते म्हाईत नव्हतं."

"आता झालं ना म्हाईत. उद्या ते वाजायचं नाय."

"उद्या आजच्या दुप्पट मानूस हाय. कार्यक्रमात छापलंय. तुमी नाय आलात तरी मला काहीतरी वाजवावंच लागंल." तो धमकावत नव्हता, अडलेला होता, हे बायजाला दिसत होतं.

"वाजव ना," ती शांतपणे म्हणाली. "माजा आवाज हाय तिथं खुशाल वाजव, माजं काय जात नाय. जनीचा हाय तिथं तिच्या घरच्याला इचारून वाजव. मालोजी घरीच असतो. सकाळी ये, मी चलते संगं."

हर्षद येणार नाही, असं बुधाजीला वाटत होतं. तो आला, उन्हं अंगणात उतरायच्या आत.

मालोजी, जनीचा नवरा, परसात कुंपणाला काट्या बांधत होता. बायजानं दोन शब्दांत सांगितलं. हर्षदनं फोनवर गाणं लावलं. ठेका सुरू होताच मालोजीनं हात वर केला.

"ते धपधप बंद कर."

"धपधप नसलेलं पन हाय. पयलं, साधं," हर्षद म्हणाला आणि त्यानं ते लावलं. त्यात मांडवातल्या पोरांचा गलका होता, भांड्यांचा आवाज होता, आणि मग बायजा, आणि मग जनी. मालोजी हातात बोराटीची काटी तशीच धरून उकिडवा बसला. काटा तळव्यात रुतला होता, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. दुसऱ्या ओळीच्या मध्येच जनी खोकली आणि खोकून झाल्यावर तिथूनच गाणं उचलून पुढं गेली.

"परत लाव," मालोजी म्हणाला.

तीनदा लावलं. तिसऱ्यांदा संपल्यावर त्यानं विचारलं, "तिकडं वाजवलंस त्यात हा खोकला होता?"

"नाय. तो काडला मी. साफ केलं."

"चुलवानाचा धूर होता त्या दिशी," मालोजी म्हणाला. "मी म्हनलं होतं तिला, वाऱ्याकडं पाठ करून बस. ऐकायची नाय." त्यानं काटी खाली ठेवली. मग खिशातून बटनांचा फोन काढून त्यानं हर्षदपुढं धरला. "हे खोकल्याचं माज्या ह्याच्यात घालून दे. आनि तिकडं नको वाजवू. मानसं खाताना बोलतात, हसतात. तिचं गानं चाललं असताना बोललेलं तिला खपायचं नाय."

हर्षदनं फोनचं मागचं झाकण उघडून चिमुकलं कार्ड काढलं, आपल्या फोनमध्ये घातलं, गाणं भरलं आणि परत बसवून दिलं. मग न सांगता त्यानं ठेका घातलेलं गाणं मालोजीसमोर पुसून टाकलं. ते पुसताना त्यानं एकदा बायजाकडं पाहिलं. बायजानं मान हलवली.

"आता आज काय करू, काकी?" अंगणात आल्यावर त्यानं विचारलं.

बायजानं ते रात्रीच ठरवून ठेवलं होतं. "लग्नातली गानी मांडवात गातात, शेतात नाय. कालच चुकलं ते. आज पोपटीचं गानं. स्टेजवर नाय, मडक्यांपाशी, जाळ पेटंल तिथं. लुगडी आमची आमी नेसू. दोन माईक काठीला बांदून दे. आनि मडकी शिजंपर्यंत गाऊ, तुजी पंधरा मिनिटं नायत आमाला."

"आनि चौथी?"

"चौथी नाय. तिगी गातो तर तिगी म्हन लोकांना. समीक्षा शेंगा भरंल, ते काम तिला येतं."

हर्षदनं मोटारसायकल चालू केली. "साउंडवाल्याला मी सांगतो," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज मालकासारखा निघाला.

जिजा हे सगळं दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. थोरल्या दिरापुढं, मालोजीपुढं, ती कधी मोठ्यानं बोलत नसे. तो परसातच होता, तेव्हा ती म्हणाली, "पोपटीचं गानं असतं व्हय कुटं?"

"आज असंल. ओळ मी सोडते, झेलायची तू."

"माजा तितका वर जात नाय, बाय."

"बगू की."

दिवसभर त्यांनी शेंगा तोडल्या. बायजा वेलाशी बोलल्यासारखी पुटपुटत ओळी जुळवत होती. जिजा शेजारच्या ओळीत वाकून होती, पण एकदाही सूर काढत नव्हती. बुधाजी मध्येच म्हणाला, "तिला आता काय बोलू नको. जनावर बसलं म्हंजे मारून उटत नाय." बायजानं पुढचा वेल धरला.

शनिवारी उन्हं कलली तेव्हा शेत माणसांनी भरलं होतं. समीक्षानं शेंगांना मीठ आणि ओवा चोळला, बुधाजीनं मडक्यांच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घातला, वर शेंगा, बटाटे, अंडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला असा ठासून बसवला की मडकं उलटं केलं तरी दाणा हलू नये. पाण्याचा थेंब घालायचा नाही, शेंग आपल्याच वाफेवर शिजते. सात मडकी उपडी मांडून त्यानं भोवती पेंढा आणि काटक्या रचल्या आणि काडी लावली. जाळ एकदम अंगावर आला. माणसं खुर्च्या सोडून जवळ आली.

बायजा पुढं झाली. कपाळाला चटका लागत होता. तिनं घसा साफ केला आणि ओळ सोडली.

"पोशीरच्या गं शेतावरी, वाल झाला गं गुडघाभरी..."

आवाज स्वच्छ निघाला, डोंगराकडं गेला. सोनुबाईचा तळवा बरोबर पडला. जिजानं ओळ घेतली, "वाल झाला..." आणि वर चढताना तिचा गळा फाटला. माईकनं ते फाटणं शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. मागून कुणीतरी हसलं. जिजानं मान खाली घातली आणि तिचा हात पदराकडं गेला.

बायजा थांबली. सोनुबाईचा तळवा दोन वेळा नुसताच पडला, मग तोही थांबला. काटक्या तडतडत होत्या, तेवढाच आवाज. हर्षद माईकच्या काठीजवळ उभा होता. त्यानं पुढं यायला पाऊल उचललं, बायजानं हातानंच त्याला थोपवलं.

चूक जिजाची नव्हती. बायजाच्या ध्यानात ते तिथल्या तिथं आलं आणि तिला स्वतःचं नवल वाटलं. तिनं गाणं जनीच्या पट्टीत उचललं होतं. तीस वर्षं तसंच उचलत आली होती, कारण झेलणारी वर होती. आपला स्वतःचा आवाज कुठं बसतो, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"माजंच चुकलं," ती माईकमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "लई वर धरलं मी. परत घेते."

आणि तिनं तीच ओळ खाली, छातीतून घेतली. आवाज जड झाला, घट्ट झाला, ओल्या मातीत नांगराचा फाळ जावा तसा. ओळीच्या शेवटी ती जिजाकडं बघत राहिली.

"वाल झाला गं गुडघाभरी, दंव पडलं पानावरी," जिजानं म्हटलं. आवाज जनीसारखा नव्हता. भरड होता, पायलीनं मोजलेल्या भातासारखा, पण हलत नव्हता.

"दंव पडलं पानावरी, शेंगा खुडिल्या पाटीभरी."

"शेंगा खुडिल्या पाटीभरी, मडकं ठेविलं जाळावरी."

मग गाणं आपलं आपण चालू लागलं. बायजानं जवळच्या बाईला विचारलं, "तुमचं गाव कंचं?" ती म्हणाली, "डोंबिवली." बायजानं डोंबिवलीची पाहुणी ओळीत घेतली आणि जिजानं तिला भांबुर्ड्याच्या पाटावर बसवून दिलं. माणसं आपापली गावं पुढं करू लागली. खोपोली आली, पनवेल आलं, एक म्हातारा मुद्दाम ठाकुरवाडीहून आला होता, तोही आला. मुंबईच्या बँडातला गिटारवाला खाली येऊन पेंढ्यावर बसला होता. गाणं जरा थांबलं तेव्हा त्यानं विचारलं, "मावशी, हा सूर कोणता?"

सोनुबाईला अर्धंच ऐकू आलं. "पोशीरचा," ती म्हणाली.

बुधाजीनं मडक्यावर पाण्याचे थेंब मारले. ते चर्र करून उडाले, म्हणजे पोपटी झाली होती. त्यानं बायजाला हातानं खूण केली. तिनं पाहिली आणि आणखी दोन गावं घेतली. त्यानं पुन्हा खूण केली. तिनं आणखी एक गाव घेतलं. शेवटी त्यानं काठीनं जाळ ओढून काढला आणि मडकी उघडली. पाल्याच्या कडू-गोड वासाची वाफ माणसांच्या तोंडावर आली. बुडाच्या शेंगा जराशा करपल्या होत्या.

"तुज्या गान्यापायी लागली माजी पोपटी," बुधाजी म्हणाला.

"खातात ना?" बायजानं विचारलं.

खात होती. बोटं भाजत होती, ती फुंकत होती आणि खात होती. जिजा एका बाजूला बसून पाणी पीत होती. कालची फोनवाली बाई तिच्यापुढं उकिडवी बसून काहीतरी विचारत होती आणि जिजा तिला शेंग कशी सोलायची ते दाखवत होती.

हर्षद बायजाजवळ आला. "काकी, उद्याचं गानं फोनात घेऊ का?"

"घे. पन आमाला दाखवून घे. आनि खोकला आला तर ऱ्हाऊ दे त्याच्यात."

दिवेलागणीला टेंपो निघाला. रिकामी मडकी एकमेकांवर आपटत होती, म्हणून समीक्षानं त्यांच्यामध्ये उरलेला पाला कोंबला. गार वारा सुटला होता, चौघींनी पदर कानांवरून घट्ट ओढले होते. कर्जतचं रेल्वे फाटक मागं पडलं. सोनुबाई बसल्या जागी पेंगत होती.

जिजा बाहेर बघत होती. बाहेर बघतच तिनं, कुणाला ऐकवायचं नसल्यासारखी, आपल्या भरड खालच्या पट्टीत एक ओळ सोडली.

"थोरली जाव गं गेली फुडं, मागं ठेविलं गानं थोडं..."

आणि ती थांबली. बायजानं आजवर कुणाची ओळ झेलली नव्हती. ओळ सोडायची ती तिनंच. पुढचं टोक लगेच सुचेना. टेंपोनं एक वळण घेतलं, मग दुसरं. जिजा वाट बघत होती. तिला घाई नव्हती. सोनुबाईनं डोळे मिटलेलेच ठेवून मांडीवर तळवा टाकायला सुरुवात केली.

बायजानं जिजाचा सूर ऐकला, तो नीट धरला आणि म्हणाली,

"मागं ठेविलं गानं थोडं, पुरंल गं आपल्या जन्मायेवडं."

जिजानं मान हलवली आणि पुढची ओळ घेतली.